पैलवानाची बाटली

गल्लीतला इस्त्रीवाला कधी आखाड्यात उतरला नव्हता, पण देहाकडे बघून सगळे त्याला पैलवानच म्हणत. तो स्कूटरवर बसला की मागे चिमणीलासुद्धा जागा उरत नसे. म्हणून लग्न झाल्यापासून कुठेही जायचं तर पैलवान स्कूटरवर पुढे आणि बायको बसनं मागून. ती घामाघूम होऊन थोरल्या बहिणीच्या दारात पोचली की बहीण हमखास विचारायची, "काय गं, इंजिन मघाशीच आलं, डबा आत्ता येतोय होय?"

पैलवानानं वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा बायकोनं मनाशी एकच गोष्ट धरली. आता त्या सीटवर आपण बसायचं आणि बहिणीच्या दारात ऐटीत उतरायचं.

वजन भराभर उतरलं, आणि मग अडूनच बसलं. वर पैलवानाला उठता-बसता गरगरायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी त्याची कोरडी जीभ पाहिली, लघवीचा रंग विचारला आणि भुवया चढवल्या.

"काका, पाणी कमी पडतंय. पोट आता एवढंसं झालंय, गटागटा प्यायलेलं मावणार नाही. दिवसभर घोट-घोट घेत राहा. फक्त जेवताना नको, आणि जेवणाआधी, जेवणानंतर थोडा वेळ सोडा. अंगात पाणी नसेल तर गरगरणार, आणि वजनही हट्ट करणार."

"अहो बाई, बाटली मी स्वतः भरून देते!" बायको उसळली. "संध्याकाळी थेंब उरत नाही तिच्यात."

"बघू शनिवारी. असंच राहिलं तर भरती करून सलाईन लावावं लागेल. आणि गरगरणं थांबेपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही."

बायकोचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात स्टूल टाकून पहाऱ्याला बसली.

पैलवानानं टेबलावर सदरा पसरला. बाटली उचलली, मोठा घोट घेतला. बायकोनं समाधानानं मान डोलावली. तेवढ्यात पैलवानाचे गाल फुगले आणि फुर्रर्र! सगळं पाणी बारीक तुषार होऊन सदऱ्यावर. वरून इस्त्री फिरली. पुन्हा घोट, पुन्हा फुर्रर्र.

"अहो, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? पाणी पितोय!"

"तुम्ही कुठे पिताय? सदरा पितोय!"

पैलवान बाटलीकडे बघतच राहिला. वडिलांकडून उचललेली सवय ती. हातात इस्त्री आली की तोंडातलं पाणी बाहेरची वाट धरायचं, त्याला पत्ताच नसायचा. "अगं, बाटली रिकामी होते म्हणून मला वाटायचं, पोटातच जातंय," तो बिचारा म्हणाला.

बायकोची हसून अशी मुरकुंडी वळली की ती स्टुलावरून घसरली ती थेट घड्या केलेल्या कपड्यांच्या ढिगावर. नेमके तेव्हाच शाळेतले मास्तर दारात आले.

"माझा सदरा झाला का हो?"

"झाला की," बायको डोळे पुसत म्हणाली. "आणि तहानही भागली त्याची!"

सगळं कळल्यावर मास्तरांनी सदरा नाकाशी धरला, दूर धरला. "अहो पैलवान, आणि मी तुमच्या कडक घडीचं शाळाभर कौतुक करत होतो!"

"करत राहा मास्तर. कृती तेवढी सांगू नका."

आता गिळायचं शिकणं आलं. कपड्यांवर पाणी मारायला बायकोनं शेजारून फवाऱ्याची बाटली आणून आपल्या हातात घेतली आणि ती नवऱ्याला म्हणाली, "हं, घ्या घोट." घेतला. गाल फुगले. "गिळा!" फुर्रर्र, बायको ओली. "अहो, मी काय चादर आहे?" दुसऱ्यांदा मास्तरांचा चष्मा धुऊन निघाला. शेवटी तिनंच अक्कल लढवली. घोट घ्यायचा तो इस्त्री खाली ठेवून, कपड्यांकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. समोर सुरकुती दिसेना तेव्हा कुठे घशाला वाट सापडली.

मग रोज पैलवान घडोघडी दारात येऊन गाल फुगवून उभा. येणारे-जाणारे थबकायचे, "काय पैलवान, रुसलात का?" उत्तर द्यायचं तर गिळावंच लागायचं. गल्लीनं विचारपूस करून करून त्याला पाणी पाजलं.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी जीभ पाहिली, काट्यावर उभं केलं आणि त्या हसल्या. "सुटलात काका. घोट मात्र सोडू नका. काढा स्कूटर."

बायको मागे बसली. बसून वर पिशवीपुरती जागाही उरली. वाऱ्यानं पदर उडायला लागला, आणि तिला आधी खुदकन, मग खदखदून हसू फुटलं. ते ऐकून पैलवानही हसत सुटला. बहिणीचं घर आलं तसा त्यानं वेग कमी केला.

"थांबू नका, थांबू नका!" बायकोनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "ताई अजून दारात आलेली नाही. हॉर्न वाजवा आणि आणखी एक फेरी मारा!"