जोडीचा नियम

प्रशिक्षण द्यायला आलेल्या ताईंनी हातमोजा घातलेल्या मुठीत तंबाखूचं ओलं पान पिळलं आणि थेंब टेबलावर गळू दिले.

"हेच पाणी कपड्यांतून कातडीत मुरतं. मग मळमळ, चक्कर, उलट्या. दवातली पानं उघड्या हातांनी तोडायची नाहीत."

"जन्मभर तंबाखू चघळतोय ताई, आम्हाला काय चढणार?" मागून कोणीतरी म्हणालं. पानं सुकवायच्या भट्टीच्या शेडमध्ये हशा पिकला.

लांब्या हसला नाही. परमुलखातून हंगामापुरता आलेला हा उंच गडी दोन-तीन दिवसांपासून रोज संध्याकाळी खोलीमागे जाऊन ओकत होता. कळलं तर घरी धाडतील, या धास्तीने त्याने ब्रही काढला नव्हता.

ताईंनी शेवटचा नियम सांगितला. ओल्या पानांत एकट्याने राबायचं नाही. प्रत्येकाने जोडीदार निवडायचा आणि एकमेकांवर लक्ष ठेवायचं. बघता बघता जोड्या जमल्या. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, मेव्हणे, एका गावची माणसं. लांब्याच्या गावचं तिथे कोणीच नव्हतं. तो खाली वाकून बुटाची माती खरवडत राहिला.

"एक जण उरला," ताई म्हणाल्या.

पुढच्या रांगेत मालक बसले होते. शेतकऱ्यांनाही हे प्रशिक्षण सक्तीचं होतं. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"दोघं उरलो," ते मागे न बघता म्हणाले. "मीही आहे की."

ज्यांच्यापासून लपवायचं, नेमके तेच जोडीला!

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शेजारशेजारच्या सऱ्यांत उतरले. पानांवर दव होतं. हातमोजे होते, पण लांब्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

"बरं वाटतंय ना रे?"

"ठणठणीत आहे मालक."

"मग असा झुलतोयस का?"

उत्तर द्यायच्या आत तो सरीतच ओकला. मालकांनी त्याला काखेत धरून बांधावरच्या झाडाखाली आणलं, ओला सदरा उतरवला, साबण लावून त्याचे हात खांद्यापर्यंत धुतले आणि स्वतःचं जाकीट त्याच्या अंगावर टाकलं.

"कामावरून काढू नका मालक."

"आधी पाणी पी. कधीपासून होतंय हे?"

"झाले दोन-चार दिवस."

"आणि बोलला नाहीस?"

"कोणाला बोलणार?"

मालकांनी डॉक्टरांना फोन लावला. सावलीत पडू द्या, पाणी पाजत राहा, फरक पडला नाही तर घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ऊन चढलं तसा लांब्याच्या तोंडावर रंग आला. पलीकडे बाकीची मंडळी घोळक्याने जेवायला बसली होती. त्यांचं हसणं इथवर येत होतं.

"मी बरा आहे आता," तो म्हणाला. "तुम्ही घरी जा, जेवायची वेळ झाली."

मालकांनी शेताच्या टोकाला असलेल्या घराकडे पाहिलं. बायको वारल्यापासून त्या घराच्या खिडक्या दिवसाही बंदच असत.

"जोडीदार आजारी पडला तर संध्याकाळपर्यंत त्याला सोडायचं नाही," ते म्हणाले. "नियम आहे. ताईंनी सांगितलंय."

लांब्याने काल ताईंचा शब्द न् शब्द कान देऊन ऐकला होता. असं काही त्या बोलल्याच नव्हत्या.

"हो," तो म्हणाला, आणि बुंध्यापासून जरा बाजूला सरकला, म्हणजे मालकांनाही पाठ टेकता येईल.