पोसोलेची चौथी हंडी

ओतिलियाच्या हॉटेलाच्या पाटीवर टोपी घातलेलं निवडुंग हसत होतं. गेली बावीस वर्षं नेब्रास्कातलं हे गाव त्या पाटीखाली येऊन पिवळ्या चीजमध्ये पुरलेलं जेवण मेक्सिकन म्हणून जेवत होतं. कडक टाको, भात, घोटलेला घेवडा, वर चीज. मेनूतला नंबर सांगायचा, ताट यायचं. लोक चांगले होते, तक्रार कुणाचीच नव्हती. तक्रार होती ती ओतिलियाची, आणि तीही पन्नाशी उलटल्यावर सुरू झालेली. आपण आपल्याच हॉटेलात जेवत नाही, घरी जाऊन अंडं तळून खातो, हे एके दिवशी तिच्या ध्यानात आलं आणि मग डोक्यातून जाईना.

"मला आपल्या गेरेरोचं हिरवं पोसोले करायचंय," ती नवऱ्याला म्हणाली. "आई करायची तसं." मेक्सिकोतलं गेरेरो हा त्यांचा मुलूख, आणि पोसोले म्हणजे तिथला मक्याचा नि डुकराच्या मांसाचा रस्सा.

आबुंदियो चीज किसत होता. "खाणार कोण?"

"मांसाच्या कारखान्यात निम्मी माणसं गेरेरोची आहेत."

"ती कधी आपल्या दारात पाऊल टाकत नाहीत."

"त्यांनी खावं असं काय ठेवलंयस तू?"

शेवटी चार हंड्यांवर ठरलं. चौथीसुद्धा उरली तर विषय कायमचा बंद, आणि त्या चुलीच्या जागी कोंबडीचे पंख तळायची कढई बसणार. आबुंदियो शब्दाचा पक्का होता. अडचण तीच होती.

गिऱ्हाईक शनिवारी जास्त, म्हणून तिने शनिवार धरला. शुक्रवारी जाड पांढरा मका चुन्याच्या पाण्यात उकळून सालं काढली. दाणा फुलासारखा उमलावा म्हणून एकेका दाण्याचं टोकाकडचं नाक खुडलं. भोपळ्याच्या बिया भाजून वाटल्या. डुकराचं मांस घेतलं ते साफ, बिनहाडाचं. इथल्या लोकांना हाडं दिसलेली चालत नाहीत.

तीन शनिवार गेले. एका म्हाताऱ्या जोडप्याने चव घेतली, फार वेगळं आहे म्हणाले आणि वर घालायला चीज मागितलं. कारखान्यातलं कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या शनिवारी तिने उरलेलं डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकलं आणि दार गरजेपेक्षा जोरात लावलं. आबुंदियो कढईचं माप घेऊन आला.

मंगळवारी हॉटेलला भाजी पुरवणारा फिदेन्सियो आला. तोही गेरेरोचाच, चिलापा गावचा.

"काय हो, तुमची माणसं जेवतात तरी कुठे?" तिने विचारलं.

"दोन्या एर्मिनियाच्या गॅरेजात," मोठ्या बाईला लावायचं मानाचं 'दोन्या' लावत तो म्हणाला. "पोसोले असतं. गुरुवारी."

"गुरुवारीच का?"

लग्नाला नवरी कशाला, असं विचारल्यासारखं फिदेन्सियोने तिच्याकडे बघितलं. "ताई, पोसोले आहे म्हणून."

ओतिलिया कांद्याच्या पोत्यावर बसली. अख्खं गेरेरो गुरुवारी पोसोले खातं. तिच्या आईच्या गल्लीत गुरुवारी दुपारनंतर कुणी कामाचं बोलत नसे. इथे मात्र आठवडा शनिवारकडे बघत चालायचा, आणि गुरुवार नुसता टोमॅटोचे डबे उतरवून घेण्याचा झाला होता. शनिवारचं पोसोले म्हणजे वरातीमागून घोडं.

"आम्हाला वाटलं, तुम्ही दुसऱ्या मुलखातल्या," फिदेन्सियो म्हणाला. "गेरेरोची बाई शनिवारी हंडी कशाला चढवेल?"

गुरुवारी ती डब्यातलं पोसोले गरम करून गॅरेजात गेली. घडीची टेबलं, पंधरावीस माणसं, चुलीपाशी लोकरी टोपी घातलेली सत्तरीची एर्मिनिया. कोण, कुठली, विचारून झालं. म्हातारीने डबा उघडला, चमचाभर तोंडात घेतलं.

"दाणा बरा आहे. नाकं खुडलीस?"

"एकेक."

"आणि मुंडकं कुठंय डुकराचं?"

"इथल्या लोकांना बघवत नाही, दोन्या."

"सोबत सार्डिन मासे?"

ओतिलियाने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे शिजवलंस त्यांच्यासाठी, आणि वाट बघत बसलीस आमची."

माणसं खाली मान घालून खात होती, पण कान सगळे इकडेच.

"माझी एकच हंडी राहिलीय," ओतिलिया म्हणाली. "गुरुवारी करीन, मुंडक्यासकट. पण तुमचा गुरुवार मला मोडायचा नाही. म्हणून विचारायला आले."

म्हातारीने गुडघा चोळला. "गेल्या हिवाळ्यात या गॅरेजात गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. बरं. एक गुरुवार चूल बंद ठेवते. सगळ्यांना घेऊन येते. मी पाहुणी, पळीला हात लावणार नाही. नाही जमलं तर परत इथेच. आणि पोरी, तोंडदेखलं गोड बोलायची सवय नाही मला."

"ते कळलं," ओतिलिया म्हणाली.

पुढच्या गुरुवारी आबुंदियोने हंडीचं झाकण उचललं आणि लगेच ठेवलं. "हे माझ्याकडे बघतंय."

"मग फिरव त्याचं तोंड."

कारखान्याची पाळी तीनला सुटायची. सव्वातीन झाले. साडेतीन झाले. आबुंदियो पुसलेलीच टेबलं पुन्हा पुसत राहिला. त्याची माया अशीच, बिनबोलाची. पावणेचारला दार उघडलं. पुढे एर्मिनिया, टोपीशिवाय, वेणी घातलेली. मागे रांग.

ती बसली, आणि ती खाईपर्यंत कुणी चमचा उचलेना. तिने ओरेगानोचा वाळका पाला तळहातांवर चोळून सोडला, डुकराची तळलेली कातडी मोडून घातली, सार्डिन घातलं. एक घास. दुसरा. मग रिकामं भांडं ओतिलियाकडे सरकवलं.

"मुंडक्यातला कान घाल थोडा. मघाशी नव्हता आला."

तेव्हा कुठे बाकीचे चमचे वाजायला लागले.

पाचच्या सुमाराला आबुंदियोने हंडी तिरकी केली आणि आत डोकावला. तळाला तीन-चार दाणे होते.

"मला नाही ठेवलंस?"

"मागितलंस कुठे?"

एर्मिनिया शाल गुंडाळत स्वयंपाकघराच्या दारात आली. "मका अर्धा तास कमी पडलाय. घाई केलीस. बुधवारी येते मी, दाखवते."

"तुम्ही तर पाहुण्या ना, दोन्या?"

"पाहुणी एका गुरुवारची असते," म्हातारी म्हणाली, आणि चुलीजवळ बसायला खुर्ची कुठे मावेल ते बघू लागली.