मंगळवारची दुरुस्ती

माझा नवरा एकहार्ट उलिग रेल्वेत सांधेवाला होता. आमच्या डोंगरात अरुंद रुळांवरून एक छोटी गाडी चालायची, तिच्यावर त्याने बारा वर्षं काढली. बाहत्तर सालच्या सप्टेंबरात ती बंद झाली तेव्हा शेवटचा सांधा त्यानेच बदलला. पुढच्या वर्षी रूळ उखडून नेले. त्याची बदली खाली शहरात, मोठ्या लाइनीवर झाली. निवृत्त होईपर्यंत तो तिथे जात राहिला, पण त्या लाइनीबद्दल घरी कधी एक अक्षर बोलला नाही.

रूळ उखडले त्याच हिवाळ्यात त्याने तळघरात पहिली फळी ठोकली. पुढच्या चौतीस वर्षांत आमच्या पायांखाली ती गाडी पुन्हा उभी राहिली. सगळं सत्त्याऐंशीपट लहान. दोन स्टेशनं, दगडी पूल, करवतगिरणी, चर्च, ओढ्याकाठचे चिनार. खऱ्या स्टेशनच्या छपराला दोन कौलं फुटलेली होती, तर इथेही दोन फुटलेली.

लोकांना वाटतं, हे एकदा बांधलं की झालं. तसं नसतं. तळघरात ओल असते, रुळांवर काळं चढतं. आठवड्यातून एकदा स्पिरिटच्या फडक्याने पुसले नाहीत तर इंजिन जागच्या जागी थांबतं. उन्हाळ्यात लाकूड फुगतं, थंडीत आखडतं, आणि रुळांच्या जोडांत फटी पडतात. झाडं धुळीने राखाडी होतात. निवृत्तीनंतर एकहार्ट रोज जेवण झालं की खाली जायचा आणि कॉफीच्या वेळेला वर यायचा. मी फारशी उतरत नसे. पडद्यांच्या झालरी आणि गोंडे करणाऱ्या कारखान्यात मी तेवीस वर्षं होते. देशाचे दोन तुकडे करणारी भिंत पडल्यावर तो कारखाना बंद झाला. तुझी गाडी तुला, माझे धागे मला, असं आमचं न बोलता ठरलेलं होतं.

दर वर्षी नाताळाआधीच्या पहिल्या रविवारी, अशाच छोट्या गाड्या बांधणाऱ्यांच्या त्याच्या मंडळाचे लोक गाडी बघायला यायचे. मी श्टोलन, म्हणजे नाताळचा सुक्यामेव्याचा केक, कापायचे, कॉफी करायचे. मंडळाचा अध्यक्ष गॉटहार्ट हा निवृत्त दातांचा डॉक्टर. दर वेळी भिंग घेऊन वाकायचा आणि म्हणायचा, "एकहार्ट, काही तरी चूक ठेव रे. आम्हाला बोलायला जागाच नाही." एकहार्ट कानापर्यंत लाल व्हायचा.

उजवा हात थरथरतोय हे मला आधी कळलं, सूप पिताना. त्याने मात्र वर्षभर मान्य केलं नाही. "गारठलाय जरा," म्हणायचा. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. दिवसाला तीन गोळ्या लिहून दिल्या आणि दर मंगळवारी व्यायामासाठी तालुक्याला यायला सांगितलं. गोळ्यांनी त्याला मळमळायचं. घेताना तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच त्या लिहून दिल्यात.

पहिल्याच मंगळवारी तो बसने गेला आणि मी झाडू घेऊन तळघरात उतरले. बघते तर चर्चचा मनोरा कलंडलेला, डिंकाचे ओघळ भिंतीवर सुकलेले. तारेच्या खांबांवरच्या तारा तुटून लोंबत होत्या. एक हमाल फलाटावर तोंडघशी पडला होता, आणि त्याच्या बुटाशी डिंकाचे चार-पाच थर. म्हणजे किती तरी वेळा उभं करून बघितलं असणार. मी तिथल्या स्टुलावर बसले. काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. मग उठले, वरून माझी सुई, चिमटा आणि काळा रेशमी धागा आणला, आणि तारा बांधल्या.

माझ्या बोटांना ते काम परकं नव्हतंच. पुढच्या मंगळवारी मनोरा सोडवून सरळ बसवला. मग हमाल. मग रुळाचा एक जोड, जिथे डबे घसरायचे. डाख द्यायला मी त्याच्याच जुन्या वहीतून शिकले. तो परत यायच्या आत हत्यारं जशीच्या तशी ठेवायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. मंगळवारची मी वाट बघायचे.

एकदा तो वर आला तो हसतच. कित्येक महिन्यांत हसला नव्हता.

"रोझी, हात सुधारतोय."

"हो?"

"अगं, परवा केलेल्या तारा बघितल्या आज. केल्या तेव्हा वाटलं होतं वाकड्या झाल्यात. सुतासारख्या सरळ! म्हणजे डोळेच मला फसवतायत, हात ठीक आहे."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं झालं ना," आणि बटाटे सोलत राहिले.

तेव्हापासून त्याने गोळ्या कमी केल्या. मला ते खूप नंतर कळलं. तीनच्या दोन, दोनाची एक. उरलेल्या खाली रंगाच्या रिकाम्या डबीत टाकायचा. हात बरा होतोय तर विष कशाला घ्यायचं, असा त्याचा हिशेब. मार्चपर्यंत त्याचं चालणं आखडलं. दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखा उभा राहायचा. मी म्हणायचे, डॉक्टरांना सांग. तो म्हणायचा, थंडी आहे. एप्रिलच्या एका दुपारी तळघराच्या जिन्यावर त्याचा पाय असाच अडला आणि तो सहा पायऱ्या खाली गेला. खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात शस्त्रक्रिया झाल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. तरुण होत्या, पण आवाज कडक.

"उलिगसाहेब, गोळ्या किती घेत होता?"

"एक. कधी एकही नाही."

"कुणाला विचारून?"

"मी बरा होत होतो बाई. हातच सांगत होता. ही घरात असते, हिला विचारा. रोझी, सांग ना यांना, मनोरा कसा बसवलाय ते."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. तोही बघत होता, अगदी विश्वासाने. मी पिशवीचे बंद हातात घट्ट धरले.

"मनोरा मी बसवला," मी म्हटलं. "तू मंगळवारी गेलास की मी खाली जायचे."

बाईंनी कागदावर काही तरी लिहिलं आणि निघून गेल्या. त्याने नजर छताकडे वळवली.

"तारा?"

"मी."

"हमाल?"

"मीच."

"गिरणीजवळचा जोड? तिथे डाख दिलाय तो?"

"तुझी वही बघून दिला."

"चिनार?"

"पुढचे तीन माझे. मागचे तुझे आहेत, एकहार्ट. मागच्यांना मी हात लावलेला नाही."

"मागचे कुणाला दिसतात?" तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं.

जूनमध्ये तो चाकाच्या खुर्चीत घरी आला. तळघराचा जिना आता त्याला नव्हताच. तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. मीठ दे, खिडकी लाव, एवढंच बोलायचा. एकदा मी रूळ पुसायला खाली गेले आणि इंजिन चालवून बघितलं, तर वर रेडिओ मोठा झाला. पुन्हा मी चालवलं नाही. रुळांवर काळं चढू दिलं.

नाताळाआधीच्या पहिल्या रविवारी मंडळाचे लोक नेहमीसारखे आले. नको म्हणायला मला तोंड नव्हतं. ते सगळे खाली जाऊन आले, आणि गॉटहार्ट कॉफी घेताना म्हणाला, "तुझे तारेचे खांब, एकहार्ट! माझा हात धड असून मला जमायचे नाहीत."

"हिला सांग," एकहार्ट म्हणाला. "दोन वर्षांत जे नीट दिसतंय ते हिचं. वाकडं ते माझं." मग कपाकडे बघत म्हणाला, "घेऊन जा सगळं. मंडळाच्या खोलीत ठेवा, नाही तर जाळा."

कुणी श्टोलनला हात लावला नाही. गॉटहार्टने मला दाराशी विचारलं, "खरंच नेऊ, रोझविथा?" मी म्हटलं, "त्याची आहे ती. तो म्हणतो तसं कर."

जानेवारीत चौघं जण व्हॅन घेऊन आले. आणि मग लक्षात आलं की तळघरातली गाडी दारातून जाईना. चौतीस वर्षं ती आतल्या आत वाढली होती, बाहेर न्यायच्या विचाराने कुणी बांधलीच नव्हती. कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

करवत सुरू झाली तेव्हा एकहार्ट स्वयंपाकघरात खिडकीपाशी होता. गुडघ्यांवर पांघरूण. आवाज जमिनीतून वर येत होता. मी त्याच्याशेजारी उभी होते, काय करावं कळत नव्हतं.

"कुठून कापतायत?" त्याने एकदम विचारलं.

मी खाली जाऊन बघून आले. "पुलाच्या अलीकडून."

"गाढवं आहेत! तिथे खाली सगळ्या वायरी एकत्र येतात. सांग त्यांना, बोगद्याच्या मागून. तिथे माझा जोड आहे, एकोणऐंशी... नाही, ऐंशी सालचा. चार स्क्रू काढले की आपोआप सुटेल."

मी धावत गेले, सांगितलं, वर आले.

"सुटला?"

"सुटला."

"मग आता स्टेशन. छप्पर आधी उचलायला लाव. आणि गॉटहार्टला म्हणावं, दात उपटल्यासारखं ओढू नकोस."

अशा मी त्या सकाळी किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. तो सांगायचा, मी खाली पोचवायचे, आणि धापा टाकत उत्तर घेऊन वर यायचे. सात महिन्यांत तो माझ्याशी इतकं बोलला नव्हता. प्रेमाचं त्यात काही नव्हतं. आवाज तुटक होता, आणि हात पांघरुणावर सारखा उडत होता. पण माझ्याकडे बघून बोलत होता.

दुपारी व्हॅन गेली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्याने खिडकीतून बघितलं. मी तळघराचं दार ओढून घेतलं.

"खाली आता काय ठेवशील?" त्याने विचारलं.

"बटाटे," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "ओल आहे. फळ्या घाल खाली."