डोंगराच्या अंगाला पडणारा न्हावी

मी एक जुना विनोदी बोलपट आहे. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. मला पाहून हसलेल्यांपैकी एकही कधी माझा मित्र झाला नाही.

टिरोलच्या एका डोंगरी गावात, कमरेएवढ्या बर्फात माझा जन्म झाला. गोष्ट साधी. बर्लिनचा एक न्हावी आपण स्कीचा विजेता असल्याची थाप मारतो आणि उतारावर आपटत राहतो. नट नावाजलेला, पण स्कीवर उभं राहायच्या नावानं बोंब! मग त्याची पट्ट्यापट्ट्यांची विजार आणि खोटी मिशी गावच्या गेभार्ड वाटाड्यानं चढवली. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना पैसे घेऊन, आपल्या दोरानं बांधून शिखरावर नेणारा हा माणूस माझ्यासाठी दिवसभर पडत होता.

"गावात कळता कामा नये," एवढंच त्यानं मागितलं.

"कुणाला कळतंय!" दिग्दर्शक म्हणाला.

शहरांनी मला डोक्यावर घेतलं. पुढच्या हिवाळ्यात, रविवारची प्रार्थना आटोपल्यावर, मला त्याच गावच्या खानावळीत दाखवलं. सगळे पोट धरून हसत होते. गेभार्डही हसत होता, बिचारा. तेवढ्यात दुसरा वाटाड्या सेराफिन उठला. गेभार्डच्या पाहुण्यांवर त्याचा कधीपासून डोळा होता.

"अरे, हा कसला न्हावी! नीट बघा. दर वेळी डोंगराच्या अंगाला पडतोय, दरीकडे एकदासुद्धा नाही. हा आपला गेभार्ड!"

खरंच होतं ते. दरीकडे पडायचं नाही, हे त्या गावातली पोरं नीट चालायच्या आधी शिकतात. सोंग वठवतानाही त्याला ते विसरता आलं नव्हतं.

"काय रे न्हाव्या, आमची दाढी कधी करतोस?"

"पडणाऱ्याच्या दोराला कोण बांधून घेईल रे?"

त्याची बायको रोझिना ताडकन उठली. "मेल्यांनो, हसताय काय? तुमच्यातल्या एकानं तरी असं पडून दाखवा!"

त्यावर ते आणखीच खिदळले. सेराफिननं ही गंमत पाहुण्यांच्या कानावर घातली आणि गेभार्डचा दोर खुंटीवर गेला तो कायमचा. बर्फ वितळताच नवरा-बायको गाव सोडून गेले. त्या गावाचं भलं मी आजवर चिंतलेलं नाही.

आता मी गंजक्या डब्यात चिकट होऊन पडलो आहे. मला वाचवायला शहाणी माणसं आली आहेत. म्हणतात, नटानं पडण्यात काय जीव ओतलाय! आग लागो त्या कौतुकाला. माझ्यासारख्या जुन्या फिल्मच्या पट्टीला भडकायला एक ठिणगी पुरते, हे त्यांनी विसरू नये.

मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. जपायचंच असेल तर आधी पडद्यावर गेभार्डचं नाव घाला. मग तो कुठल्या अंगाला पडतो ते बघा, आणि हसता आलं तर हसा.