असा वापरकर्ता नाही

“रिस्टार्टला हात लावायचा नाही, साहेब!”

सर्व्हरवाली मध्ये येऊन उभी राहिली, तेव्हा साहेबांचं बोट बटणापासून वीतभर दूर होतं. रक्ततपासणीच्या त्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटरचं जाळं तीच सांभाळायची, म्हणून सगळे तिला सर्व्हरवालीच म्हणत. शेजारी आक्का चष्मा पुसत उभ्या होत्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभा जन्म गेला होता त्यांचा.

“आजारपणातून उठल्यापासून पासवर्ड आठवत नाही त्यांना,” साहेब म्हणाले. “‘वापरणाऱ्याची चूक’ लिही आणि मिटव तक्रार. उद्यापासून आक्का बाटल्या धुतील.”

“सकाळी खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर उघडलं होतं की खातं,” आक्का पुटपुटल्या. “खरंच विसरायला लागले का गं मी?”

सर्व्हरवालीनं खुर्ची ओढली.

“पासवर्डचं नावच काढू नका, आक्का. मी कॉम्प्युटरला नुसतं विचारते, या ओळखीच्या आहेत का?”

पडद्यावर उमटलं : असा वापरकर्ता नाही.

“बघा साहेब! एकदा ऐकलेलं उत्तर हे कॉम्प्युटर कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या आठवणीत, जपून ठेवतात. ‘नाही’ ऐकलं तर ‘नाही’सुद्धा जपतात. रिस्टार्ट केलं की ते पुसतं, आपण खूश, आणि दुपारी पुन्हा रडगाणं. हे ‘नाही’ सांगतं कोण, ते मला हवंय.”

“नसतं खूळ!”

“असू दे.”

नावं सांगणारे सर्व्हर दोन होते. पहिल्याला विचारलं, आक्का आहेत. दुसऱ्याला विचारलं, आक्का नाहीत. आजारपणात बंद केलेलं खातं पुन्हा उघडल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. जो कॉम्प्युटर त्याच्या दारी जाई, तो नकार घेऊन परते आणि तेच घोकत बसे.

“मिटवते तक्रार,” ती म्हणाली. “पण चूक सर्व्हरची, असं लिहून.”

“आणि वरच्यांना मी काय सांगू?”

“आक्का आहेत, म्हणून सांगा.”

दुसऱ्या सर्व्हरची खोट दुरुस्त करून तिनं सगळ्या कॅश पुसल्या. साहेब निघाले.

“थांबा जरा. एवढं धरा.” आक्कांनी नमुन्यांचा ट्रे त्यांच्या हातात दिला आणि खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपाशी बसल्या. एका बोटानं नाव, मग पासवर्ड. उघडला. उठल्या, पुढच्यापाशी बसल्या. मग त्याच्या पुढच्या. घाई नाही, गडबड नाही.

दारापर्यंतची रांग संपली, तेव्हा एकूण एक पडद्यावर एकच नाव होतं. साहेब ट्रे धरून उभेच होते.

“आणा इकडे,” आक्का म्हणाल्या, “रक्त गोठतं.”