उसवलेली होडी

मी भरतकामाची एक जुनी सागवानी चौकट आहे. मित्रांनो, हातात मावणारी लाकडी रिंग तुम्ही पाहिली असेल. मी तिची थोरली बहीण, चार पायांवर उभी राहणारी. माझ्याभोवती चार बायका आरामात बसतात. अंधेरीच्या गुणाजी सुताराने मला घडवले. त्याचा हात खिडक्या-दारांचा, त्यामुळे मी जरा जास्तच दणकट झाले.

घरच्या मालकीण मृणालिनीबाईंनी माझ्यावर किती टेबलक्लॉथ आणि किती अभ्रे भरले! पाहुणे वाहवा करीत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. मग बाईंच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झाले आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. माझी रवानगी माळ्यावर झाली. तीन वर्षे मला पालींची सोबत होती. खाली घरात कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारत नसे, पण शेजारणींनी बाईंकडचा चहा घेणे बंद केले होते. त्याचे बाईंना फार लागले.

१९५५ साली त्यांनीच मला खाली काढायला लावले. तपासणीला जाताना इस्पितळाच्या बाकावर त्यांना दोघी भेटल्या होत्या, शाळेत शिकवणाऱ्या नीलाताई आणि वेसाव्याच्या मासळी विकणाऱ्या कृष्णाबाई. तिघींचा रोग एकच. दर गुरुवारी दुपारी व्हरांड्यात मला मांडून त्या बसू लागल्या. किटली एक, कप कोणाचाही. हात हलवत राहा, असे डॉक्टरांनी सांगितलेच होते. दोरा ओढता ओढता हात थोडा थोडा वर जाऊ लागला. दुखले तर तिथे रडायची चोरी नव्हती.

कृष्णाबाईंनी जन्मभर जाळी विणली, पण बारीक सुई त्यांच्या बोटांना सापडेना. तरी काम त्यांनीच सुचवले. नारळी पौर्णिमेला मुलाच्या, धर्माच्या, होडीवर लावायला बावटा भरायचा. काठाच्या लाटा दोघींच्या, मधली होडी मात्र कृष्णाबाईंची.

"पोराचे होडीवर माजे हातचा कायतरी पायजे," एवढेच त्या म्हणाल्या. दोघी काय ते समजल्या.

आषाढात त्यांचे दुखणे उलटले आणि त्या तीन आठवडे इस्पितळात पडून राहिल्या. होडी जेमतेम सुरू झाली होती. पौर्णिमा चुकायला नको म्हणून दोघींनी रोज बसून ती पुरी केली. टाके इतके एकसारखे, की मलाच गर्व वाटला. मित्रांनो, तिथेच आम्ही चुकलो.

कृष्णाबाई वाळून काटकी होऊन परतल्या. बावट्यावरून हात फिरवता फिरवता त्या हसल्या.

"शीड या अंगाला फुगलंय नि डोलकाठीचा बावटा त्या अंगाला फडकतंय. दोन वारं सुटलं काय गो?"

दोघीही हसल्या, आत्ता दुरुस्त करतो म्हणाल्या. पण कृष्णाबाईंनी कात्री उचलली होती. त्या एकेक टाका उसवू लागल्या, शिडाचा, मग साऱ्या होडीचा.

नीलाताई कळवळल्या. "अहो, नऊच दिवस राहिलेत. तुम्हाला त्रास नको म्हणून केलं आम्ही."

"ठावं हाय, बाय. पन मी अजून हाय ना. माजा काम मना करू दे."

मग मृणालिनीबाईंनी दुसरी कात्री आणली आणि समोर बसून स्वतःचेच टाके उसवायला घेतले.

नऊ दिवस कृष्णाबाई रोज आल्या. कधी वीस टाके होत, कधी दोन. नीलाताई सुईत दोरा ओवून देत, मृणालिनीबाई कोपर धरून हात तोलत. पौर्णिमेच्या सकाळी धर्मा न्यायला आला, तेव्हा होडीचा तळ आणि अर्धे शीड भरले होते. बाकी नुसती पेन्सिलीची रेघ होती. हे कोरे कसे, त्याने विचारले.

"बाकीचा पुढचे वर्साला," त्या म्हणाल्या.

पुढचे वर्ष त्यांना लाभले नाही. बावटा पुरा करून देऊ का, असे नीलाताईंनी धर्माला विचारले. तो नको म्हणाला आणि घडी घालून घेऊन गेला. अर्ध्या शिडाचा तो बावटा आजही दर नारळी पौर्णिमेला त्याच्या होडीवर चढतो.

अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू आम्हाला जपा म्हणून विनवतो. माझे सोडा, मला उद्या वाळवी लागली तरी गुणाजीसारखा कोणीतरी दुसरी चौकट करील. पण मित्रांनो, आजारी माणसाजवळ बसा. त्याला सुई ओवून द्या, हात दुखला तर धरा. फक्त त्याचे काम त्याच्या हातून काढून घेऊ नका. ते अर्धे राहिले तरी त्याचे असते.