खोडलेला नोड

भर दुपारी इस्पितळाच्या औषधांचा डेटाबेस आडवा झाला आणि सगळ्या वॉर्डांचे फोन एकदम खणखणू लागले. तसा क्लस्टर म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या मशिनांचा गोतावळा. त्यातलं एकेक मशीन म्हणजे नोड; मुख्य नोड पडला की राखीव नोडने कारभार हाती घ्यायचा. पण आज मुख्य नोडपुढे 'संपर्क नाही' आणि त्यावर डेटाबेस चालवणाऱ्या कंटेनरपुढे 'बंद होत आहे' एवढंच दिसत होतं. तो बंद झाल्याशिवाय राखीव नोड जागचा हलेना.

"जबरदस्तीने काढून टाका ना!" संगणक विभागाचे साहेब क्लस्टर सांभाळणाऱ्या मुलीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "मेलेल्याची किती वाट बघायची?"

"आधी तळघरात जाऊन त्या मशिनची वायर काढू द्या, साहेब. इथून काढलं तर नुसती नोंद खोडली जाते. नोंद खोडली म्हणून कोणी मरत नाही."

"तोवर वॉर्डवाले मला जिवंत ठेवतील का?"

आपलंच बरोबर आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने कच खाल्ली आणि बटण दाबलं. राखीव नोड उभा राहिला, साहेबांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात अतिदक्षता विभागातून सिस्टरचा फोन आला. "ताई, सात नंबरच्या आजोबांना मी आत्ताच इन्सुलिन दिलं, नोंदही केली. शेजारच्या स्क्रीनवर ती दिसतच नाही हो."

तिच्या लक्षात आलं. जुना नोड जिवंत होता, फक्त क्लस्टरशी त्याचं बोलणं तुटलं होतं. काही स्क्रीन अजून त्याच्याकडेच नोंदी करत होते, बाकीचे नव्याकडे. एका घरात दोन कारभारी, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

"आजोबांजवळ आता कोण आहे?"

"नवी सिस्टर. माझी ड्यूटी संपली ना. आजोबा झोपलेत, पण ती..."

"अहो, पळा! ती दुसरा डोस देईल!"

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटला. ती कान लावून उभी राहिली. स्वतःचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

अखेर धापा टाकत आवाज आला. "सुई टोचली होती, ताई. औषध सोडायचं बाकी होतं."

"साहेब, प्रत्येक वॉर्डाला फोन लावा," ती म्हणाली. "आधीच्या सिस्टरला विचारल्याशिवाय कोणालाही औषध देऊ नका म्हणावं."

"का म्हणून विचारलं तर?"

"आमच्या हातून चूक झाली म्हणावं."

साहेबांनी फोन उचलला आणि पहिल्याच वॉर्डाला तेच सांगितलं.